न नांगरता पेरायच्या हरभऱ्यासाठी वेगळा वाण तयार करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: सोयाबीन काढल्यावर नांगरट न करता धसकटातच हरभरा पेरता, पण रोपे विरळ राहतात. अशा रानासाठी शेतकरी गटाला स्वतःचा वाण निवडता किंवा घडवता येईल का?

येईल. मात्र निवड त्याच न नांगरलेल्या रानात व्हायला हवी. भुसभुशीत वाफ्यात जो वाण पहिला येतो, तो धसकटात पहिला येईलच असे नाही, कारण दोन्हीकडे रोपाची परीक्षा वेगळी असते.

हरभऱ्याची एक जमेची बाजू आहे. सोयाबीनला बीजदले माती फोडून वर आणावी लागतात; हरभऱ्याची बीजदले जमिनीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. त्यामुळे ओल खाली गेली असेल तर ८ ते १० सेंटिमीटर खोल पेरलेले देशी बीही उगवते. काबुलीचे टरफल पातळ असल्याने ते थंड, ओल्या मातीत लवकर कुजते. म्हणून न नांगरलेल्या रानासाठी सुरुवात देशी वाणांपासूनच करा.

खरा घात मानकूज (जमिनीलगतचे खोड, म्हणजे रोपाची मान, कुजवणारा रोग) करते. तिची बुरशी न कुजलेल्या काडीकचऱ्यावर वाढते, आणि ऑक्टोबरच्या उबेत पेरल्यावर लगेच पाणी दिले तर झपाट्याने पसरते. तिने मरणारी बहुतेक रोपे पहिल्या सहा आठवड्यांतच मरतात. रोप उपटून पाहा: मानेवर पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर मानकूज. खोड उभे चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर रोग. घाटे भरताना झाड वाळले, सोटमूळ कडकन तुटले आणि बारीक मुळे झडलेली असली तर कोरडी मूळकूज. हे तीन वेगळे नोंदवा. मर रोगाला प्रतिकारक वाण बरेच आहेत, पण त्यामुळे मानकुजीला प्रतिकार मिळत नाही. तो गुण फार कमी वाणांत आणि तोही अर्धामुर्धाच सापडतो. म्हणून तुमच्या निवडीचा सगळा भर इथे हवा.

संकराच्या मागे लगेच लागू नका. पहिली दोन वर्षे आहेत तेच वाण तपासा: विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, उंच वाढणारा फुले विक्रम आणि तुमच्या भागातले आणखी चार-पाच. प्रत्येकाचे ५ मीटरचे ४ तास (ओळी), ३० × १० सेंटिमीटरवर मोजून २०० बी, आणि असे ३ वेळा वेगवेगळ्या जागी. दहा वाणांना जेमतेम २ गुंठे लागतात. शेजारीच नांगरलेल्या पट्ट्यात हाच संच पेरा. रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) सगळ्या बियांना सारखेच लावा, पण या तपासणीत बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) नको, नाहीतर वाणांतला फरक झाकला जातो. मुख्य पिकाच्या बियाण्याला मात्र ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम जरूर लावा. १२व्या दिवशी उगवलेली रोपे मोजा, ३०व्या आणि ४५व्या दिवशी जिवंत रोपे मोजा, शेवटी उत्पन्न. दोन्ही पट्ट्यांत वाणांचा क्रम सारखाच राहिला तर नवा वाण घडवण्यात वेळ घालवू नका. तुमची अडचण पेरणीयंत्राची खोली, कुटाराचे (सोयाबीनच्या भुशाचे) ढीग किंवा ओल यांत आहे.

क्रम बदलला तर संकर करा. न नांगरलेल्या रानात जास्त रोपे जगवणारा वाण आणि उंच, सरळ वाढणारा वाण असे जनक घ्या. पाकळ्या अजून मिटलेल्या, पराग न फुटलेली कळी निवडा, बारीक चिमट्याने दहाही पुंकेसर काढा आणि लगेच दुसऱ्या वाणाचा ताजा पराग लावून दोरा बांधा. कळी फार नाजूक असते, बहुतेक गळतात. म्हणून ५० घाटे हवेत तर काही शे कळ्या हाताळायची तयारी ठेवा. हरभरा स्वपरागित आहे, त्यामुळे चुकीचा घाटा सहज घुसतो. दुसऱ्या पिढीत एखाद्या घाट्याची सगळी झाडे मादी वाणासारखीच निघाली तर तो संकर झालाच नव्हता, टाकून द्या.

दुसरी ते चौथी पिढी धसकटातच वाढवा. इथे बहुतेकांची चूक होते: सगळे बी एकत्र मळतात. मग भरपूर घाटे धरणारी पसरट, उशिरा येणारी झाडे दरवर्षी वाढत जातात. त्याऐवजी जगलेल्या प्रत्येक चांगल्या झाडाचे २-२ घाटेच घ्या. पाचव्या पिढीत एकेक झाड निवडा, सहाव्यात प्रत्येकाची वेगळी ओळ लावा आणि दर दहा ओळींनंतर विजयची एक ओळ तुलनेला ठेवा.

यंत्राने काढायचे असेल तर सर्वांत खालचा घाटा जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर हवा. सरळ झाडाची अडचण अशी की ते तण झाकत नाही, आणि पेंडीमिथॅलिन या तणनाशकाचा बराच भाग कुटारावरच अडकतो. तुम्ही हाताने कापणार असाल तर अर्धपसरट झाडच ठेवा. दोन तासांमधली फुटभर जागा लवकर झाकली जाणे मला उंचीपेक्षा जास्त मोलाचे वाटते.