घरी काडतुसे भरता येतील का?

प्रश्न : माझे मावसभाऊ अमेरिकेत राहतात. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरून काडतुसे तयार करण्याचा छंद त्यांनी अनेक वर्षे जोपासला आहे. माझ्याकडे परवान्याची .२२ रायफल असून सरावात काडतुसांवर बराच खर्च होतो. तशी साधने मागवून मलाही हे करता येईल का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही, आणि साधने मागवूही नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो; रायफल बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

शिवाय तुमचे काडतूस या कामाचे नाही. मावसभाऊ भरतात त्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवलेला असतो. तो काढायचा, बार उडताना फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवा प्रायमर बसवून दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची, असा तो क्रम असतो. .२२ मध्ये मात्र पेट घेणारे मिश्रण बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते. घोडा ओढला की पिन ती कड चेपते, आणि चेपलेली पुंगळी व्यवहारात पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.

या छंदामागची चिकाटी मला मोलाची वाटते. दारू ग्रेनमध्ये तोलतात आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. मोठ्या पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, मात्र रायफल फुटू शकते. म्हणून जाणकार गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड पाडून डोकावतात. जर्मनीत तर प्रशिक्षण आणि सरकारी परवानगी असल्याशिवाय या दारूला हात लावता येत नाही.

ही चिकाटी तुम्हाला कायद्यात राहूनही वापरता येईल. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, हा प्रकार .२२ च्या काडतुसांवरच खेळला जातो. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (एका खेपेत बनलेल्या काडतुसांच्या गटांत) फरक असतो, त्यामुळे चांगले नेमबाज आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो हे तपासून मगच साठा घेतात. तुम्हीही रायफल टेकवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडा, छिद्रांचा पसारा मोजा आणि लॉट क्रमांकासह हवामानही वहीत टिपा. जानेवारीतल्या पहाटे आणि एप्रिलमधल्या दुपारी एकच लॉट वेगळा वागू शकतो. परवान्यावरील मर्यादा सांभाळून जुळलेल्या लॉटचीच काडतुसे घेतलीत, तर खर्च निदान वाया जाणार नाही.