सतरा वर्षांना नऊ दिवस कमी पडतात, तेव्हा

प्रश्न : माझ्या मुलीचा जन्म ९ जानेवारी २०११ चा आहे. पहिलीत असताना शाळेने तिला डबल प्रमोशन देऊन थेट तिसरीत बसवले. आता ती अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि २०२७ मध्ये बारावीची परीक्षा देईल. तिला डॉक्टर व्हायचे आहे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी तिचे वय नऊ दिवसांनी कमी पडते, असे क्लासमध्ये सांगण्यात आले. ही सवलत कोणाकडे मागावी? नातेवाईक शाळेतून जन्मतारीख बदलून घ्यायला सांगतात, एक एजंट म्हणतो की परदेशात ही अट नसते. की तिला एक वर्ष अकरावीतच थांबवावे?
– एक आई, बार्शी

उत्तर : सप्रेम नमस्कार. क्लासने सांगितलेले गणित बरोबर आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उमेदवाराला सतरा वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत, ही अट ‘नीट’च्या माहितीपत्रकात पात्रतेच्या पहिल्या अटींमध्येच असते. आपल्या मुलीला सतरा वर्षे जानेवारी २०२८ मध्ये पूर्ण होतील, म्हणून २०२७ च्या प्रवेशासाठी ती पात्र ठरत नाही. १ जानेवारी २०११ रोजी जन्मलेले मूलही याच कारणाने अपात्र ठरते. एक दिवस आणि नऊ दिवस यांत नियम फरक करत नाही.

सवलतीबाबत आपण आशा ठेवू नये, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. ही अट एखाद्या महाविद्यालयाने घातलेली नसून वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय नियमनातून आलेली आहे, त्यामुळे अधिष्ठाता, विद्यापीठ किंवा राज्याचा प्रवेश कक्ष यांपैकी कोणालाही ती शिथिल करण्याचा अधिकार नाही. शाळेने डबल प्रमोशन दिले, यात मुलीचा काहीच दोष नाही, हे खरे. पण तिची गुणवत्ता कितीही असली तरी या अटीत तिचा विचार होत नाही. कोर्टकचेरीत जाणारे पैसे आणि महिने तिच्या तयारीवर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

जन्मतारीख बदलण्याचा सल्ला मात्र केवळ निरुपयोगी नसून धोकादायक आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीत लेखनाची चूक झाली असेल आणि मूळ जन्म दाखल्यावर वेगळी तारीख असेल, तर ती दुरुस्त करून घेण्याची रीतसर पद्धत आहे. आपल्याकडे तशी चूक नाही. तारीख खरी आहे आणि ती गैरसोयीची आहे, एवढेच. जन्म दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार कार्ड यांवर आज एकच तारीख आहे, आणि प्रवेशाच्या वेळी वयाचा पुरावा म्हणून दहावीचेच प्रमाणपत्र मागतात. खोटा कागद तयार करून मिळवलेला प्रवेश शिक्षण सुरू असतानाही रद्द होऊ शकतो, शिवाय गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. ज्या नातेवाइकांनी हे सुचवले, ते त्या वेळी सोबत उभे राहणार नाहीत.

एजंटाचे म्हणणे अर्धसत्य आहे. परदेशातील एखाद्या विद्यापीठात वयाची अट नसेलही. परंतु बाहेर एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर २०१८ पासून ‘नीट’ उत्तीर्ण होणे भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. ‘नीट’ म्हटली की सतरा वर्षांची अट आलीच. म्हणजे परदेशाच्या वाटेने जाऊनही आपण त्याच दारापाशी येणार, फक्त मध्ये एजंटाचे शुल्क भरलेले असेल.

वैद्यकाला लागून असलेल्या वाटांवरही बहुतेक ठिकाणी हीच तारीख आडवी येते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, बी.एस्सी. नर्सिंग आणि फार्म.डी. (औषधशास्त्रातील डॉक्टर ऑफ फार्मसी) या अभ्यासक्रमांनाही ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. याउलट अभियांत्रिकीसाठी ‘जेईई मेन’ला किंवा राज्याच्या सीईटीला किमान वयाची अट नाही. बिहारचा सत्यम कुमार २०१३ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी आयआयटीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला होता, ही बातमी आपण वाचली असेल. विधी शाखेत तर वाद आजवर कमाल वयाचा झाला, किमान वयाचा नव्हे. या उदाहरणांवरून मुलीला अभियांत्रिकीकडे वळवावे, असे मी म्हणत नाही. तिला डॉक्टर व्हायचे असेल, तर एका वर्षासाठी आवड बदलण्याचे कारण नाही.

आता खरा प्रश्न त्या एका वर्षाचा. अकरावीत थांबवणे मला पटत नाही. उत्तीर्ण झालेल्या मुलीला मागच्या वर्गात बसवले, तर मैत्रिणी पुढे जातात आणि काही न चुकताही आपण नापास झालो, अशी भावना तिच्या मनात घर करते. तिला बारावीची परीक्षा २०२७ मध्येच देऊ द्यावी आणि ‘नीट’ २०२८ मध्ये द्यावी. यात एक लाभ दडलेला आहे. बोर्डाची परीक्षा आणि ‘नीट’ यांचा ताण जो इतरांना एकाच उन्हाळ्यात सोसावा लागतो, तो तिला दोन वर्षांत विभागून मिळेल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत खुल्या प्रवर्गासाठी पन्नास टक्के गुणांची जी अट आहे, ती ती निवांतपणे पार करील. आणि काही कारणाने गुण कमी पडलेच, तर श्रेणीसुधारासाठी हाताशी वेळ राहील. ‘नीट’ला कमाल वयाची किंवा प्रयत्नांच्या संख्येची मर्यादा आज नाही, त्यामुळे हे वर्ष तिच्या खात्यातून वजा होत नाही. प्रवेशाच्या वेळी शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, ते तहसील कार्यालयाच्या आवारात एका दिवसात होते.

त्या वर्षात बी.एस्सी.ला नाव घालून ठेवावे का, असे पालक हमखास विचारतात. माझे उत्तर बहुधा ‘नको’ असे असते. हजेरी, प्रात्यक्षिके आणि सत्र परीक्षा यांत ‘नीट’ची तयारी मागे पडते, आणि वैद्यकीय प्रवेशाची फेरी लागते तेव्हा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्या महाविद्यालयाच्या कपाटात अडकलेला असतो, तो सोडवण्यासाठी मोजके दिवस हातात असताना कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहावे लागते. मुलीला घरी बसून अभ्यास होत नसेल, दिवसाला शिस्त हवी असेल, तरच हा पर्याय घ्यावा आणि दाखला परत मिळण्याची पद्धत प्रवेशापूर्वी विचारून ठेवावी.

लगेच करण्याचे काम एकच आहे. क्लासची दोन वर्षांची फी आपण भरली असल्यास व्यवस्थापनाशी लेखी बोलावे. ती बॅच २०२७ च्या ‘नीट’साठी आखलेली आहे आणि आपल्या मुलीला परीक्षा द्यायची आहे २०२८ मध्ये, तेव्हा रिपीटर बॅचची (बारावीनंतर वर्षभर फक्त ‘नीट’ची तयारी करणाऱ्यांच्या वर्गाची) फी आधीच भरलेल्या रकमेत धरणार की वेगळी घेणार, हे आत्ताच ठरवून घ्यावे, निकालानंतर विचारले तर आपली बाजू लंगडी पडते. २०२८ चे माहितीपत्रक प्रसिद्ध होईल तेव्हा वयाची तारीख क्लासच्या फलकावर नव्हे, तर मूळ पत्रकात स्वतः वाचावी, आणि हे उत्तर मुलीलाही वाचायला द्यावे, कारण आपल्या पत्रात तिचे स्वतःचे म्हणणे कुठे आलेले नाही.