फिट थांबली, पण मन उतरलेलंच

तासगावहून एक आई लिहितात: मुलगा 24 वर्षांचा. गोळ्या चालू आहेत, वर्षभर फिट नाही. तरी बेदाण्याच्या शेडवर जात नाही, मित्र आले तर आत जाऊन झोपतो. घरात सगळे आळशी म्हणतात.

ताई, त्याला आळशी म्हणू नका. अपस्मार (फिट येण्याचा आजार) असलेल्या दर तीन-चार जणांत एकाला कधी ना कधी नैराश्य गाठतंच. लोक काय म्हणतील ही भीती असतेच, पण मूळ मेंदूतही आहे. सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, गाबा, ग्लुटामेट ही रसायनं फिटशीही जोडलेली आहेत आणि मनःस्थितीशीही. कानशिलाजवळच्या ज्या भागातून बऱ्याच जणांची फिट उठते, तिथेच भावना सांभाळणारी केंद्रं आहेत. म्हणून तर आधी नैराश्य असलेल्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त दिसते.

आमच्याकडे तपासणीला आलं की फिट किती आल्या एवढंच बोललं जातं. झोप गोळ्यांनीही बिघडते, थकवाही येतो, त्यावरून नैराश्य नीट कळत नाही. त्याला विचारा, पूर्वी आवडायचं त्यात आता मन रमतं का? साधं कामही डोंगराएवढं वाटतं का? तो जे सांगेल ते पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोरेगावहून एक पती: बायकोला महिन्यापूर्वी फिटचं औषध लेव्हेटिरासिटाम सुरू झालं. तेव्हापासून सारखी चिडते, रडते. आई म्हणते नाटकं करते. गोळी बंद करू?

दादा, मनानं बंद करू नका. एकदम सोडली तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं. पण पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका, याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. हे औषध काहींना असा त्रास देतं. डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं. आईंना सांगा, हा औषधाचा परिणाम असू शकतो, तिचा स्वभाव नव्हे. जगणं नको झालंय असं ती बोलली, तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो.

कराडहून एक शिक्षिका: नैराश्याच्या गोळीनं फिट वाढते म्हणतात, खरं का?

सरसकट नाही. बुप्रोपिऑन, क्लोमिप्रामिन यांनी धोका वाढतो, ती शक्यतो टाळतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालतात. फिटच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा, कारण फिटचं कार्बामाझेपिन चालू असेल तर सर्ट्रालिनचा असर कमी पडू शकतो.