गेलेला पाय दुखतो, तो जन्मभर का?

प्रश्न : माझे यजमान फौजेत आहेत. सुरुंगाच्या स्फोटानंतर चार महिन्यांपूर्वी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरली, पण नसलेल्या पायाचा अंगठा कुणी पिरगळल्यासारखा दुखतो म्हणतात. सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ. हे दुखणं कायमचं राहणार का, ते आत्ताच सांगणारी तपासणी असते का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मनाचे खेळ नाहीत हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या याच तक्रारीला वीअर मिचेल या डॉक्टरांनी १८७१ मध्ये ‘फँटम लिंब’, म्हणजे नसलेल्या अवयवाचा भास, म्हटलं. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शाबूत असते, आणि कापलेल्या नसा तिकडे भलतेच निरोप धाडत राहतात.

भविष्य सांगणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय मात्र नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. जखमेच्या आकारावरूनही अंदाज बांधू नये. अंदाज लागतो तो वेगळ्याच गोष्टींवरून : पहिल्या दिवसांत कळा किती तीव्र होत्या, नसेला इजा आहे का, झोप लागते का, स्फोट स्वप्नात येतो का, मन खचलंय का. तोही शंभर जखमींच्या गटाचा अंदाज. तुमच्या यजमानांचं एकट्याचं त्यातून ठरत नाही. तीन महिन्यांपुढच्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो खरं, पण जुनाट दुखणंही कमी होतं.

मी फौजी दवाखान्यात भूलतज्ज्ञ होते. शून्य ते दहात किती दुखतंय विचारलं, की जवान ‘दो-तीन, मॅडम’ म्हणून मोकळा! मूठ मात्र चादरीत आवळलेली. म्हणून मी आकडा सोडून रात्रीचं विचारायचे. किती वाजता जाग आली? पुन्हा डोळा लागला का? तिथे खरं बाहेर यायचं.

तुम्हीही आठवडाभर वहीत तेच लिहा. कृत्रिम पाय चढवल्यावर दुखणं वाढतं का, फटाका वाजला की दचकून घाम फुटतो का, तेही. वही घेऊन त्यांच्या लष्करी रुग्णालयात जा आणि पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा सल्ला मिळेल का ते विचारा. १९४४ पासून ते जवानांसाठी कृत्रिम हातपायांचं काम करतंय. उरलेल्या पायावर एखाद्या जागी टिचकी मारताच करंट थेट नसलेल्या अंगठ्यात जात असेल, तर तिथे नसेची गाठ असू शकते. तिच्यावर इलाज आहे. दोन्ही पायांमधे आरसा ठेवून, त्यात बघत उजवं पाऊल हलवण्याचा व्यायामही विचारा. २००७ मध्ये अमेरिकी सैनिकांवरच्या एका छोट्या प्रयोगात त्याने कळा कमी झाल्या होत्या.

मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की फौजी घरात मेडिकल कॅटेगरीची, म्हणजे फौजेतली तंदुरुस्तीची श्रेणी घसरण्याची, धास्ती वाटते, ठाऊक आहे मला. तरी स्वप्नांचं लपवू नका. झोप सुधारली की दुखणं सोसायला सोपं जातं. आणि नसांच्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करा.