पहिलं कार्ड टपालात टाकण्याआधी

आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं म्हणजे हाताने बनवून एकमेकांत अदलाबदल करायची छोटी चित्रं. त्यांत माप पक्कं असतं: अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६४ बाय ८९ मिलिमीटर. झुरिकमध्ये १९९७ साली एम. वांची स्टिर्नेमान या स्विस कलाकाराने ही अदलाबदल सुरू केली. कार्ड विकायचं नाही, बदल्यात द्यायचं, हा नियम तेव्हापासूनचा आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बाकी जलरंग, कोलाज, भरतकाम, काहीही चालतं.

कागदात मात्र काटकसर करू नका. जलरंगाला ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद घ्या. पातळ कागद ओला झाला की पोक काढतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही. मोठ्या कागदावर रंगवून, पूर्ण वाळल्यावर, स्टीलची पट्टी आणि नवं पातं घेऊन कापा. कडा नीट येतात, शिवाय चित्रातला नेमका कुठला तुकडा ठेवायचा हे निवडता येतं. त्या निवडीत खरी मजा आहे!

मागे नाव, शीर्षक, तारीख लिहा. पाच कार्डांच्या मालिकेतलं पहिलं असेल तर १/५. शाई पाण्याने न पसरणारी हवी.

खेळाची कार्डं जमवणारे वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या कव्हरात कार्ड घाला, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावा. चिकटपट्टी कव्हरालाच, कार्डाला नको. मणी किंवा बटणं लावली असतील तर पाकीट जाड होतं. ते टपाल कार्यालयात वजन करूनच द्या. समोरून कार्ड आलं की त्याच दिवशी पोच कळवा, पाठवणारा वाट बघत असतो.