पोटावरच्या इंजेक्शनची खाज

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळे तिला सकाळ-संध्याकाळ पोटावर एनॉक्सापॅरिनचं, म्हणजे रक्त पातळ करणारं, इंजेक्शन घ्यावं लागतं. काळेनिळे डाग पहिल्यापासून पडत होते. आता मात्र टोचलं तिथे लाल, फुगीर चट्टा उठतो आणि रात्रभर खाज सुटते. मी हळद लावते. सुई नीट टोचली जात नसेल का? की इंजेक्शन बंद करावं?
– एक सासूबाई, सांगली

उत्तर : ताई, इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

काळानिळा डाग म्हणजे त्वचेखाली साकळलेलं रक्त. तो हिरवट, मग पिवळा होत विरतो, फारसा खाजत नाही. तो कमी व्हायला मात्र टोचण्याची पद्धत उपयोगी पडते. बेंबीपासून दोन इंच सोडून जागा घ्यायची आणि दर वेळी बाजू बदलायची. त्वचेची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घालायची, औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत चिमटा सोडायचा नाही. नंतर चोळायचं तर मुळीच नाही. (चोळल्याशिवाय समाधान न होणारी माणसं मी रोज बघते!)

तुम्ही लिहिलेला खाजरा, फुगीर चट्टा वेगळा. ही बहुधा औषधाची उशिरा येणारी अ‍ॅलर्जी आहे, टोचणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी ती येते. सहसा औषध सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसते. बायकांमध्ये, त्यातही गरोदरपणी, जास्त आढळते. डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइड मलमाने खाज बसते. हळद नको, तिच्या पिवळ्याखाली चट्ट्याचा खरा रंगच आम्हाला दिसत नाही.

औषध बदलायचं झालं तर एक अडचण आहे. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यातल्या हेपारिन नावाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या पदार्थापासून बनतं. त्याच कुळातलं दुसरं इंजेक्शन दिलं तर पुष्कळदा तिथेही चट्टे उठतात. फॉन्डापॅरिनक्स हे याच कामाचं दुसरं औषध प्रयोगशाळेत बनतं, ते बहुतेकांना सोसतं, पण गरोदरपणातला त्याचा अनुभव कमी. वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने बाळाला अपाय होऊ शकतो. तेव्हा हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा.

चट्टा जांभळा-काळा पडला, ठणकू लागला किंवा त्यावर फोड आले, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. क्वचित हेपारिनच्या कुळातल्या औषधांमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात आणि उलट गुठळ्याच होऊ लागतात. औषध सुरू करण्याआधीचा प्लेटलेटचा रिपोर्ट सोबत न्या, आकडा निम्म्यावर आला का ते लगेच कळतं. चेहरा सुजला किंवा धाप लागली, तरीही वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि ही अ‍ॅलर्जी सुनेच्या फाइलवर ठळक लिहून घ्या. बाळंतपणानंतरही निदान सहा आठवडे रक्त पातळ करणारं औषध चालू ठेवावं लागतं, आणि तेव्हा वॉर्डातली सिस्टर नवी असेल.