छोट्या एचओ लेआउटवर डीसीसी बसवताना नुसत्या दोन तारा जोडून भागतं का?

तुमचा एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचा) लेआउट ८ बाय ४ फुटांचा आहे: एक ओव्हल, एक पासिंग लूप (बाजूने जाणारा समांतर रूळ), दोन सायडिंग (बंद टोकाचे रूळ), चार पॉइंट (गाडीचा रूळ बदलायचे सांधे). जुना कंट्रोलर काढून डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम पाठवणारी पद्धत) त्याच दोन तारांना जोडलं तर चालेल का, असं विचारलंय. गाडी चालेल. पण डबा घसरून शॉर्ट झाला की त्या दोन तारा पुरत नाहीत, आणि खरं काम तिथेच आहे.

डीसीसीत गाडी उभी असली तरी रुळांवर १४-१५ व्होल्ट असतात आणि मागे २-३ अँपिअर द्यायची ताकद असते. शॉर्ट होताच बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या डीसीसीच्या भागाने) वीज तोडायला हवी. लांबच्या रुळापर्यंतचा करंट सैल जॉइनरमधून (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीतून) जात असेल तर वाटेतल्या रेझिस्टन्समुळे बूस्टरला शॉर्ट कळत नाही. मग तो सगळा करंट चाकांतून आणि पिकअपच्या (चाकांकडून वीज घेणाऱ्या) पातळ पट्ट्यांतून वाहत राहतो. बोगीचं प्लास्टिक वितळतं ते यामुळेच.

म्हणून टेबलाखालून १.५ चौरस मिमीच्या लाल-काळ्या दोन मुख्य तारा फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिमीचे वीतभर लांबीचे फीडर (मुख्य तारांपासून रुळाला जाणाऱ्या छोट्या तारा) सोल्डर करा. मग प्रत्येक कोपऱ्यात आणि प्रत्येक सायडिंगच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवं नाणं टेकवा. बूस्टर तत्क्षणी बंद झाला पाहिजे. नाही झाला तर नाणं लगेच उचला आणि तिथले सांधे तपासून फीडर वाढवा. सगळीकडे ही चाचणी पास होईपर्यंत एकही इंजिन रुळावर ठेवू नका.

पॉइंटचा फ्रॉग (दोन मार्गांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा) इन्सुलेटेड असेल तर पुढच्या रुळांना सरळ फीडर द्या. फ्रॉग लाइव्ह (वीज असलेला) असेल तर आधी फ्रॉगकडून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लास्टिकचे जॉइनर घाला. ते विसरलात तर पॉइंट फिरवताच शॉर्ट होतो, आणि माणूस उगाच डिकोडरवर (इंजिनातल्या, डीसीसीचे हुकूम ओळखणाऱ्या सर्किटवर) संशय घेत बसतो. तुमच्या आराखड्यात रिव्हर्स लूप (गाडीला वळवून त्याच रुळावर उलट दिशेने आणणारा फेरा) नाही, त्यामुळे ऑटो-रिव्हर्सर लागणार नाही.

सेटसोबत आलेला वीजजोडणीचा रूळ किंवा क्लिप उघडून बघा. आत बहुतेक वेळा एक छोटा कपॅसिटर असतो, तो कापून टाका. डीसीसीच्या '१' या बिटचा अर्धा भाग फक्त ५८ मायक्रोसेकंदांचा असतो. कपॅसिटर सिग्नलच्या कडा बोथट करतो आणि इंजिन अधूनमधून हुकूम ऐकेनासं होतं.

आता इंजिन. ८ पिनचं सॉकेट असेल तर डिकोडरची नारिंगी तार पिन १ वर येऊ द्या. प्लग उलटा बसला तर इंजिन उलट्या दिशेने धावतं आणि दिवे लागत नाहीत, सहसा त्यापलीकडे नुकसान होत नाही. सॉकेट नसलेल्या जुन्या इंजिनात मात्र मोटरचा एक ब्रश अनेकदा थेट चॅसीला टेकलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर जोडला तर वीज देताच डिकोडर जळतो. मोटरच्या जुन्या तारा सोडवा आणि मल्टिमीटरने मोटरचं प्रत्येक टर्मिनल दोन्ही बाजूंच्या चाकांशी आणि चॅसीशी तपासा: बीप येता कामा नये. मगच लाल तार उजव्या पिकअपला, काळी डाव्या पिकअपला, नारिंगी आणि करडी मोटरला जोडा.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) घ्या, तिथे करंट मर्यादित असतो. सीव्ही १ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग; ही पत्त्याची) वाचा, नव्या डिकोडरचा पत्ता ३ यायला हवा. वाचताच आला नाही तर आधी चाकं पुसा, मग जोडण्या बघा. सीव्ही ३ आणि ४ ने वेग घेणं आणि थांबणं सावकाश करता येतं.

जुना कंट्रोलर रुळांपासून पूर्ण तोडा, स्विचमागेसुद्धा ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी रुळाला लागले तर डीसीसीचा बूस्टर जाऊ शकतो. मात्र त्याला १६ व्होल्ट एसीचं वेगळं आउटपुट असेल तर कॉइलच्या पॉइंट मोटर त्यावरच राहू द्या.